अँथनी गोन्साल्विस यांचें वाद्यवृंदकार्य

अँथनी गोन्साल्विस हें नांव महाराष्ट्रांत ज्याच्या कानावरून गेलें नाहीं असा मनुष्य विरळा. गोव्यापासून शेंकडों कोस दूर असलेल्या आमच्या वर्धा जिल्ह्यांतही, आर्वी-हिंगणघाटकडील ज्या घरांत व्हायोलिन कधीं शिरलें नाहीं तेथेंही, तें ठाऊक असतें. याचें कारण १९७७ सालीं निघालेल्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील विनोदी गाणें होय. परंतु या नांवाचा एक मनुष्य खरोखर होऊन गेला. तो व्हायोलिनवादक, वाद्यवृंदाचा चालक व संगीतशिक्षक होता. आणि चित्रपटाच्या संगीतकारद्वयापैकीं प्यारेलाल हे त्याचे शिष्य असल्यामुळेंच तें नांव गाण्यांत आलें, ही गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. शिष्यानें गुरुदक्षिणा दिली ती अशी कीं, तिच्यायोगें गुरूचें नांव सर्वतोमुखीं झालें व गुरूचें काम मात्र झांकून गेलें. त्या कामाचाच येथें विचार करावयाचा आहे.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालीं गोव्यांतील माजोर्डा गांवीं झाला. वडील तेथील चर्चमध्यें गायकवृंदाचे शिक्षक होते. पोर्तुगीज अमलांत गोव्यांतील चर्चांना जोडून ज्या शाळा चालत, त्यांत मुलांस स्वरलेखन वाचण्याची व व्हायोलिन धरण्याची विद्या लहानपणींच मिळे. ही विद्या देवकार्यासाठीं शिकविली जात असे. पोट भरण्यासाठीं ती मुंबईस न्यावी लागे. गोन्साल्विस १९४३ च्या सुमारास मुंबईस आले व नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागले.

त्या काळीं चित्रपटाचें गाणें कसें तयार होई हें लक्षांत घेतल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं. संगीतकार पेटीवर चाल बसवी. ती पांचपन्नास वादकांनीं एकदम वाजवावयाची तर प्रत्येकानें केव्हां काय वाजवावें हें कागदावर उतरविणारा कोणी तरी हवा. बहुतेक संगीतकारांस पाश्चात्य स्वरलेखन येत नसे. गोव्याच्या वादकांस तें येई. चालीच्या मागचे व मधले स्वर लिहिणें, निरनिराळ्या वाद्यांस वांटून देणें, आणि पुष्कळदां ध्वनिमुद्रणाच्या वेळीं समोर उभें राहून वादकांस हातानें चालविणें, हें या संयोजकाचें काम. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट हे याच पेशांतले. पडद्यावरील नामावळींत यांचीं नांवें सहसा येत नसत. गोन्साल्विस यांनीं पुष्कळ वर्षें हेंच काम केलें.

या वर्गाविषयीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक असें कीं, हे लोक केवळ मजुरीचे कारागीर, संगीत खरें संगीतकाराचेंच. दुसरें याच्या उलट : सर्व रचना यांचीच, संगीतकार नांवाचा धनी. आम्हांस हीं दोन्ही मतें ग्राह्य वाटत नाहींत. चाल व तिची मांडणी या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि एकीचा मान वाढविण्यासाठीं दुसरी नाकारण्याचें कारण नाहीं. गोन्साल्विस यांचें वैशिष्ट्य यापुढचें आहे. दुसऱ्याची चाल सजविण्यावर समाधान न मानतां, राग हाच पाया धरून पाश्चात्य पद्धतीच्या वाद्यवृंदासाठीं स्वतंत्र रचना करावी असें त्यांनीं मनांत घेतलें. १९५८ सालीं त्यांनीं इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या चौकांत झालेल्या कार्यक्रमांत लता मंगेशकर व मन्ना डे हे गायक होते. त्यांच्या रचनांपैकीं ‘सोनातीना इंडियाना’ व सारंग रागांतील काँचेर्तो यांचीं नांवें घेतलीं जातात.

सारंगाची निवड विचार करण्याजोगी आहे. सारंग म्हणजे सामान्यतः वृंदावनी सारंग; यांत गंधार व धैवत वर्ज्य. पाश्चात्य स्वरसंवादाचा मुख्य आधार षड्ज, गंधार व पंचम यांचा त्रिकूट होय. तोच येथें बांधतां येत नाहीं. घराचा मधला खांबच नाहीं म्हणाना. उलट पंचम, शुद्ध निषाद व ऋषभ, किंवा कोमल निषाद, ऋषभ व मध्यम हीं त्रिकुटें रागाबाहेर न जातां सांपडतात. म्हणजे जाण्याच्या वाटा आहेत, परंतु ज्या ठिकाणीं येऊन विसांवावयाचें तेथें मोकळें षड्ज-पंचमच उरतात. गंधार घालून संवाद पुरा करावा तर राग मोडतो. न घालावा तर पाश्चात्य कानास विसांवा अपुरा वाटतो. पंडित भातखंड्यांची किंवा पलुसकरांची स्वरलिपी येथें कामास येत नाहीं, कारण ती एका कंठाच्या एका रेषेसाठीं सिद्ध झाली. पाश्चात्य स्वरलेखन अनेक रेषा एकाखालीं एक मांडतें, परंतु मींड त्यांत नीट मावत नाहीं. या अडचणीचा राग मुद्दाम उचलणारा रचनाकार केवळ नवलाईसाठीं प्रयोग करीत नव्हता, असें आम्हांस वाटतें.

याच वाद्यास दुसऱ्या वाटेनें नेणारे त्या काळीं होतेच. गजाननराव जोशी, वि. गो. जोग व गोव्याचेच श्रीधर पार्सेकर यांनीं व्हायोलिन मांडी घालून बैठकींत आणलें, व त्यास गळ्याचें अनुकरण करावयास लाविलें. ती वाट रुजली, कारण तिला ऐकणारा श्रोतृवर्ग व गुरुशिष्यपरंपरा दोन्ही आयतीं मिळालीं. गोन्साल्विस यांस यांतलें कांहींच तयार मिळालें नाहीं. मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला, पुढें अमेरिकेंत जाऊन १९६४ सालीं तरुण वादकांचा वृंद काढिला व तो तीन दशकांहून अधिक काळ चालविला. परंतु त्यांच्या हाताशीं युरोपांतील दोन शतकांचें तयार साहित्य होतें. गोन्साल्विस यांचें साहित्य त्यांस स्वतःच लिहावें लागे, आणि स्वरलेखन वाचूं शकणारे वादक स्टुडिओंतील रोजच्या कामास बांधलेले. अशा स्थितींत त्यांचा वृंद टिकला नाहीं याचें नवल वाटूं नये. तरी एवढें म्हणणें प्राप्त आहे कीं, वृंदाच्या जोडीस त्यांनीं एखादी शाळा स्थापिली असती तर पुढील पिढीस हाताशीं वादक तरी राहिले असते.

शिक्षक म्हणून मात्र त्यांस यश आलें. प्यारेलाल लहान वयांत त्यांच्यापाशीं व्हायोलिन शिकले. राहुलदेव बर्मन हेही त्यांचे विद्यार्थी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांचा मोठा ताफा व त्याची शिस्तबद्ध मांडणी ज्यानें लक्षपूर्वक ऐकली असेल, त्यास गुरूच्या शिकवणीचा माग लागावा.

१९६५ सालीं सिरॅक्यूज विद्यापीठाच्या साहाय्यानें ते अमेरिकेस गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे वळले नाहींत, माजोर्ड्यासच राहिले. गाणें देशभर वाजूं लागलें तेव्हां ते पन्नाशीस आले होते. १८ जानेवारी २०१२ रोजीं गोव्यांतच त्यांचें निधन झालें.