बीज, क्षेत्र आणि आमचे वाङ्मय

‘वांझ’ हा शब्द मराठीत बाईला लावतात, गाईला लावतात, झाडाला लावतात आणि प्रसंगी जमिनीलाही लावतात. पुरुषाला तो लावलेला आमच्या ऐकण्यात नाही. व्याकरणाची त्यास काही हरकत नाही. ‘वांझोटा’ असे चांगले पुल्लिंगी रूपदेखील भाषेत आहे. पण ते वादाला आणि खटाटोपाला लावण्याची चाल आहे, माणसाला नव्हे. मूल न झालेल्या पुरुषाविषयी बोलण्याची वेळ आलीच, तर ‘षंढ’ आणि ‘नपुंसक’ हे दोन शब्द हाताशी असतात, आणि ते दोन्ही निराळ्याच गोष्टीचे वाचक आहेत. समागमाचे सामर्थ्य नसणे ही एक गोष्ट. सामर्थ्य पुरेपूर असूनही अपत्य होण्याजोगे बीज नसणे ही दुसरी. पहिलीला आमच्या भाषेत शिव्यांसकट नावे आहेत, दुसरीला लोकांच्या तोंडी रुळलेले एकही नाव नाही. त्यामुळे होते असे की, जो पुरुष पहिल्या परीक्षेत उतरला तो दुसरीत न बसताच उत्तीर्ण धरला जातो, आणि नापास ठरविण्यास घरात एकच उमेदवार उरते.

हा विषय वैद्यांचा आहे, साहित्याच्या मासिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ही चूक वैद्यकात पुष्कळच दुरुस्त झाली आहे. ती टिकून आहे ती भाषेत, कथेत आणि नाटकात. फार काय, ती कायद्याच्या भाषेतही शिरली आहे. औषधांच्या फसव्या जाहिरातींस आळा घालण्यासाठी १९५४ साली झालेल्या मध्यवर्ती कायद्याला रोगांची एक यादी जोडलेली आहे. त्या यादीत लैंगिक दुर्बलता आहे, आणि वंध्यत्वही आहे. परंतु ते ‘स्त्रियांतील वंध्यत्व’ या नावाने आहे. पुरुषांतील वंध्यत्व असे कलम तीत नाही. जळगावाहून धुळ्यास जाताना रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘मर्दानी ताकद’ परत मिळवून देण्याची जी अभिवचने रंगविलेली दिसतात, त्यांचीही वाटणी हीच: पुरुषाला ताकदीचे औषध, बाईला मुलाचे.

या वाटणीचे मूळ जुने आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुरुष हा बीज आणि स्त्री हे क्षेत्र, ही उपमा विस्ताराने आली आहे व त्यांत बीजाला श्रेष्ठत्व दिले आहे. श्रेष्ठत्व बीजाला, तर पीक न आल्यास जबाबदारीही प्रथम बीजावर यावी, असा सरळ न्याय कोणीही सांगेल. परंतु त्याच अध्यायात वंध्या स्त्रीला आठव्या वर्षी बाजूस सारून दुसरी करावी, अशी मुदत घातली आहे. बीजाच्या परीक्षेची मुदत कोठे दिसत नाही. खानदेशातला शेतकरी या बाबतीत स्मृतिकारांपेक्षा अधिक तर्कशुद्ध वागतो. घरच्या बियाण्याचा भरवसा नसेल तर तो शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आठवड्याने किती मोडले ते मोजतो, आणि मग पेरणीचा विचार करतो. दाणे न तपासता सलग तीन हंगाम जमिनीला दोष देणाऱ्यास गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. घरात मात्र तोच मनुष्य नेमके हेच करतो.

आमच्या पुराणकथांत याची उदाहरणे समोर आहेत. ती वाचण्याची दृष्टी मात्र आम्हांस नव्हती. दशरथाला तीन राण्या आणि पुत्र एकीलाही नाही. शांता नावाची त्याची कन्या काही परंपरांत सांगितली आहे, तो भाग तूर्त सोडू. तिन्ही राण्या एकाच वेळी सदोष असाव्यात की तिघींचा एकच पती सदोष असावा, हा प्रश्न प्राथमिक गणिताचा आहे. पण कीर्तनांतून तो कधी विचारला गेल्याचे आम्हांस स्मरत नाही. महाभारत याहून स्पष्ट आहे. विचित्रवीर्याला अंबिका व अंबालिका अशा दोन भार्या. सात वर्षांच्या सहवासात अपत्य नाही. त्याच्या मृत्यूनंतर व्यासांपासून दोघींनाही पुत्र होतात. उणे कोठे होते हे कथेने याहून निराळ्या शब्दांत सांगण्याची गरज नव्हती. तरीही मुंबई इलाख्यात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा होईपर्यंत, मुलासाठी दुसरी बायको करणे हा आमच्या घराण्यांतून प्रतिष्ठित उपाय होता. आणि दुसरीलाही मूल झाले नाही, तर दोन वांझ बायका पदरी पडल्या म्हणून लोक त्या पुरुषाची कीव करीत.

अर्वाचीन मराठी नाटकाकडे वळलो, तर श्री. विजय तेंडुलकर यांचे ‘गिधाडे’ प्रथम आठवते. १९७० साली ते रंगभूमीवर आले तेव्हा गर्भपाताच्या लाल डागावरून मोठे वादळ झाले. त्या गदारोळात रमेच्या बोलण्याकडे जावे तितके लक्ष गेले नाही. साधू, वैद्य आणि डॉक्टर यांच्या दारोदार हिंडविलेली ही सून शेवटी सांगते की दोष त्यांपैकी कोणाचा नाही, आपल्या कुशीचाही नाही. बीजच दुबळे आहे. मराठी रंगमंचावर असे बोलणारी स्त्री दुर्मीळच. पण तेंडुलकरांनी त्या दुबळेपणाचे कारण रमाकांताच्या दारूत आणि त्या घराच्या अधःपातात शोधले. अतिमद्यपानाने बीजाची हानी होते हे खरे आहे. तथापि नाटक पाहून उठणाऱ्याच्या मनात ठसते ते इतकेच की, असा पुरुष दुराचारी असला पाहिजे. निर्व्यसनी पुरुषाला त्यात सूट मिळून जाते.

श्री. अमोल पालेकर यांचा ‘अनाहत’ हा २००३ सालचा चित्रपट दुसरा. सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावरून तो केलेला आहे. राज्याला वारस हवा म्हणून राणी शीलवतीने एका रात्रीपुरता अन्य पुरुष वरावा, असा निर्णय होतो. राणीच्या मनाचे दर्शन त्यात संयमाने घडविले आहे, आणि त्याचे श्रेय आम्ही आनंदाने देतो. परंतु येथेही राजा निपुत्रिक आहे तो असमर्थ आहे म्हणून. सामर्थ्य आणि बीज यांची जी गाठ भाषेने मारली, ती या धीट कलाकृतीनेही सोडविली नाही.

ती गाठ सुटलेली आम्हांस दिसली ती तमिळ भाषेत. पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘मादोरुभागन’ (२०१०) या कादंबरीतील काली हा धट्टाकट्टा शेतकरी आहे; त्याचे आणि पोन्नाचे एकमेकांवर उत्कट प्रेम आहे; शरीरसुखात काही उणे नाही; आणि तरीही वर्षांमागून वर्षे जाऊन मूल नाही. लोक पोन्नाला वांझ म्हणून टोचतात आणि कालीच्या पौरुषाची टवाळी करतात. बोलणाऱ्यांपाशी निराळा शब्दच नाही. २०१४ च्या अखेरीस या पुस्तकाविरुद्ध क्षोभ उसळला, आणि २०१६ साली मद्रास उच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निकाल दिला. निर्व्यसनी, समर्थ, प्रेमळ आणि तरीही निपुत्रिक असा पुरुष मराठी कादंबरीत अजून यावयाचा आहे.

तो आणावयाचा असेल, तर लेखकाला वस्तुस्थितीचे ज्ञान पाहिजे. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. शंभर पुरुषांत सुमारे एकाच्या वीर्यात शुक्राणू मुळीच नसतात, आणि त्याला स्वतःला त्याची पुसटही कल्पना नसते. कारण वीर्याचा बहुतेक भाग इतर ग्रंथींचा स्राव असून शुक्राणूंचा वाटा आकारमानाने शेकडा पाचांच्या आतच असतो. नसबंदीनंतर स्राव जवळजवळ तेवढाच राहतो, बीज तेवढे जाते, यावरून हे ध्यानात यावे. तेव्हा वीर्य घट्ट की पातळ, यावरून होरा बांधणे व्यर्थ आहे. रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो ही समजूतही तितकीच निराधार आहे. शुक्राणू दररोज कोट्यवधी तयार होत असतात, आणि एकेकाची घडण पुरी होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. ते साठवून बलवान होत नाहीत. फार दिवस राहिले तर त्यांची गती मंदावते.

आणखी दोन समजुती सुशिक्षित घरांतही आढळतात. एक अशी की, पीळदार शरीर हे बीजाचे प्रमाणपत्र होय. व्यायामशाळांतून जी पौरुषरसाची इंजेक्शने काही तरुण घेतात, त्यांनी मेंदूतील ग्रंथींचा आदेश थांबतो आणि शुक्राणूंची उत्पत्ती पार शून्यावर येऊ शकते. पुरुषत्वासाठी घेतलेले औषधच पितृत्व हिरावून नेते. दुसरी समजूत अशी की, पुरुषाला वय नाही. स्त्रीपेक्षा त्याची शक्ती सावकाश ओसरते एवढेच खरे. पित्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे अपत्यात सुमारे दोन नवे जनुकीय बदल वाढतात, असे आइसलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासावरून २०१२ साली प्रसिद्ध झाले आहे.

उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. तपासणीचा कागद हाती येताच कित्येक पुरुष खचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जी खालची मर्यादा दिली आहे, ती दर मिलिलिटरला एक कोटी साठ लक्ष शुक्राणू, शेकडा ४२ चलनक्षम आणि शेकडा ४ निर्दोष आकाराचे, अशी आहे. शेकडा चार हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. ज्यांच्या पत्नींना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरूनच ही मर्यादा ठरविली आहे, आणि त्यांच्यांतही शंभरांतील पाच जण तिच्याखाली होते. कागद हा अंदाज आहे, शिक्षापत्र नव्हे. वृषणातील शिरा फुगणे यांसारख्या काही कारणांवर उपाय आहेत, आणि एकदा कमी आलेली संख्या दुसऱ्या वेळी निराळी येऊ शकते. ही तपासणी साधी आहे. तीत सुई नाही की शस्त्र नाही. तरी बाईच्या साऱ्या परीक्षा, शस्त्रक्रियेसुद्धा, आटोपल्यावर पुरुष दवाखान्याची पायरी चढतो, हे कशाचे लक्षण समजावे?

या विषयावर स्वच्छ मराठी लिहिता येते हे आमच्याच पूर्वसूरींनी दाखविले आहे. भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना इतिहासाचार्य राजवाडे स्त्रीपुरुषसंबंधांविषयी कोठेही अडखळले नाहीत. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात त्यांचे देहावसान झाले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. त्याच १९२७ साली मुंबईत प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले व १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालविले. त्यातील वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावास डॉ. आंबेडकर उभे राहिले. दंड चुकला नाही. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, आणि गणितज्ञाची एक सवय त्यांच्या गद्यात उतरली होती: ज्या दोन गोष्टी भिन्न आहेत त्यांना ते एका नावाने हाक मारीत नसत. आज त्यांच्यावर चित्रपट आणि नाटक झाले आहे. त्यांचा गौरव होतो, त्यांची भाषा मात्र फारशी कोणी उचलत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, कथाकारांनी आणि नाटककारांनी या पुरुषाला आता पात्र म्हणून स्थान द्यावे. तो खलनायक नको, विदूषकही नको. ‘निर्बीजीकरण’ हा शब्द सरकारी कागदांत रुळलेलाच आहे. त्यातील ‘निर्बीज’ हे विशेषण वर्णन म्हणून वापरण्यास योग्य आहे, मात्र त्याची शिवी होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागेल. एक शब्द आल्याने समाज सुधारतो असे आम्ही मानीत नाही. परंतु ओटी भरण्याच्या वेळी जिला हलकेच बाजूस सारतात, त्या बाईच्या घरी पुढची चौकशी करावयाची तर ती कोणत्या शब्दांत करावी, हे आज सासूला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही आणि तिला स्वतःलाही माहीत नाही. नवस, अंगारे आणि औषधे यांत तिची उमेदीची वर्षे जातात, आणि ती वर्षे पुढे कोणत्याही दवाखान्यात परत मिळत नाहीत.