परोक्ष श्रोता आणि ख्रिस्ती वाणी : मराठी ख्रिस्ती लेखनातील वादनीतीचा विचार

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचे परीक्षण आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाले आहे. या वाङ्मयाने धर्मप्रसार कितपत साधला, हा त्यांतील पहिला प्रश्न. आणि त्याने मराठी गद्यपद्याच्या विकासास कोणता हातभार लावला, हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. ज्याच्याशी मतभेद आहे अशा माणसाशी, विशेषतः तो समोर नसताना, कोणत्या वाणीने बोलावे, हा तो प्रश्न होय. ख्रिस्ती लेखकास हा प्रश्न केवळ शैलीचा वाटत नाही. वाणी हे त्याच्या धर्माने आचरणातच जमा धरलेले आहे. तेव्हा या लेखकांनी वाणीची कसोटी कशी पाळली, कोठे सोडली आणि पुन्हा कशी मिळविली, हे पाहणे वाङ्मयदृष्ट्याही उद्बोधक ठरते.

या कसोटीचे मूळ नव्या करारात आहे. जीभ हा लहानसा अवयव असूनही ठिणगीने रान पेटावे तसा अनर्थ ती घडविते, असा इशारा याकोबाच्या पत्रात दिला आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी २१ पुस्तके पत्ररूप आहेत. म्हणजे दूर असलेल्या माणसाशी केलेले संभाषण हेच या ग्रंथातील मोठ्या भागाचे रूप आहे, आणि त्यातील धोक्यांची जाणीवही तेथेच प्रकट झाली आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने आपल्यावरील एका आक्षेपाची नोंद केली आहे. हा मनुष्य पत्रांत मोठा भारदस्त असतो, पण समोर आला म्हणजे अगदीच सामान्य वाटतो, असे त्याचे विरोधक म्हणत. त्यास पौलाचे उत्तर असे की, दूर असताना आपण शब्दांत जसे असतो तसेच समोर असताना कृतीत असू. योहानाच्या दुसऱ्या पत्राचा लेखक तर कागद आणि शाई बाजूस ठेवून तोंडोतोंड बोलण्याची इच्छा व्यक्त करतो. परोक्ष शब्द प्रत्यक्ष भेटीत उच्चारता आला पाहिजे, ही येथील खरी कसोटी होय. तो मृदू असावा की कठोर, हा प्रश्न तिच्यानंतरचा आहे.

या कसोटीवर एकोणिसाव्या शतकातील वादवाङ्मय उतरते काय? त्याचा प्रारंभ प्रत्यक्ष सभेत झाला, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३० व १८३१ मध्ये मुंबईत हिंदू पंडितांशी जाहीर वाद केले. दुसऱ्या वादातील प्रमुख प्रतिपक्षी मोरभट दांडेकर यांनी १८३१ मध्येच ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विल्सन यांनी त्यास १८३२ मध्ये ग्रंथरूपाने प्रत्युत्तर दिले. अशा रीतीने सभेतील वाद मुद्रणालयात गेला आणि तेथे त्याचे स्वरूप पालटले. सभेत प्रतिपक्षी समोर बसलेला असतो. त्याचे म्हणणे विपर्यस्त करून मांडले तर तो तत्काळ आक्षेप घेतो. छापील पुस्तकात मात्र प्रतिपक्ष्याचा मुखवटा लेखकालाच तयार करावा लागतो, आणि स्वतः तयार केलेल्या मुखवट्याला हरविणे कोणासही अवघड नसते.

१८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात झालेल्या वादांत हीच प्रक्रिया पुन्हा दिसते. मोकळ्या जागी, श्रोत्यांच्या मोठ्या समुदायासमोर, प्रश्नोत्तरांच्या पद्धतीने हे वाद चालत. पुढे दोन्ही पक्षांनी आपापले वृत्तांत छापले. मिशनरी पक्षाचा वृत्तांत जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. एकाच संभाषणाची दोन पुस्तके झाली, आणि प्रत्येक पुस्तकाचा वाचक मुख्यतः आपल्याच पक्षाचा राहिला. येथे एक सूक्ष्म फरक ध्यानी घेतला पाहिजे. या लेखनात संबोधन विरोधकास असते, परंतु ते वाचावयाचे असते स्वपक्षीयांनी. नावापुरता श्रोता एक आणि मनातील श्रोता दुसरा, अशी फारकत झाली की शब्द कितीही सभ्य असले तरी संभाषण खोटे पडते. वादवाङ्मयाचा प्रमुख दोष म्हणून त्यातील कठोरपणाकडे बोट दाखविण्याची रीत आहे. वस्तुतः तो दोष या फारकतीत आहे.

अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राने या दोषावर काही अंशी उपाय योजला, असे म्हणता येईल. नियतकालिकास पुढचा अंक असतो. आज ज्याच्यावर टीका केली त्याचे उत्तर उद्या येऊ शकते. मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ काढून स्वधर्माच्या समर्थनाचे कार्य हाती घेतले, तेव्हा मराठीत धर्मविषयक वाद नियतकालिकांच्या आधाराने चालू लागला. तथापि उत्तराची शक्यता असणे ही एक गोष्ट आणि उत्तराची अपेक्षा ठेवून लिहिणे ही दुसरी. पहिली सोय मुद्रणयंत्राने करून दिली. दुसरीस लेखकाची मनोवृत्ती बदलावी लागते. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत हा बदल अर्धाच झालेला आढळतो. यमुना आणि तिचा पती प्रवासात निरनिराळ्या विधवांच्या हकिगती ऐकून घेतात. ऐकून घेणे हीच या कथेतील मुख्य क्रिया आहे, आणि मराठी गद्याला ती नवी होती. परंतु धर्माचा प्रश्न निघाला की ऐकणे थांबते. निष्कर्ष लेखकाने आधीच ठरविलेला असल्यामुळे प्रतिपक्षाची पात्रे त्या निष्कर्षास सोयीचे तेवढेच बोलतात.

पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात या प्रश्नाला निराळेच वळण लागते. येथे वाद ख्रिस्ती आणि हिंदू यांच्यातील नसून एका नवख्रिस्ती विदुषीचा तिच्याच धर्ममातेशी आहे. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्यात त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका आहेत, धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेपेक्षा स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीस अधिक मान देण्याचा आग्रह आहे, आणि क्रुसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत शब्द का नसावेत, असा अगदी साधा भासणारा पण मूलगामी प्रश्नही आहे. ही पत्रे इंग्रजीत असली तरी मराठी ख्रिस्ती वाणीच्या इतिहासातून ती वगळता येणार नाहीत.

या पत्रांचा स्वर मवाळ नाही. काही ठिकाणी तो चांगलाच तीक्ष्ण आहे. परंतु ज्यांना ती लिहिली त्यांच्यासाठीच ती लिहिलेली आहेत. तिसऱ्या कोणाकडून वाहवा मिळविण्याचा हेतू त्यांत नाही. रमाबाईंची कन्या मनोरमा जेराल्डिनना ‘आजीबाई’ म्हणत असे. मतभेद कितीही ताणले तरी हे नाते लेखिकेने मोडीत काढले नाही. याहून बोलकी गोष्ट अशी की, ही पत्रे जपून ठेवून त्यांचे संकलन केले ते स्वतः जेराल्डिन यांनीच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याविरुद्धचे शब्द आपल्याच हातांनी जतन करावेत असे वाचणाऱ्यास वाटले, याहून त्या शब्दांच्या सचोटीचे दुसरे प्रमाण कोणते असू शकेल?

नारायण वामन टिळक यांच्याकडे वळताना एका रूढ मताचा परामर्श घ्यावा लागतो. टिळकांनी ख्रिस्ती वाणी मृदू केली आणि वादाची जागा भक्तीला दिली, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे, पण कारण अपुरे सांगितले जाते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि पुढील काही वर्षे पतिपत्नी विभक्त होती. अशा स्थितीत हिंदू समाजास उद्देशून लिहिणे म्हणजे टिळकांस स्वतःच्या पत्नीस आणि सासरमाहेरच्या माणसांस उद्देशून लिहिणे होते. परोक्ष श्रोत्याला येथे ओळखीचा चेहरा होता. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका आणि अभंगाचा त्यांनी केलेला स्वीकार याच जाणिवेतून उमगतो. १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. श्रोता आणि स्वकीय यांच्यातील भिंत पाडण्याचाच हा प्रयत्न होता.

मात्र या वाणीची खरी परीक्षा लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३७) झाली आहे. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तरीही धर्मांतरामुळे दुखावलेल्या नातलगांची बाजू त्यांनी कोठेही हास्यास्पद केली नाही. स्वतःच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पना किती चिवट होत्या आणि जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हे मनास कसे पटत गेले, हे त्या हसत हसत सांगतात. टिळकांचा तापटपणा आणि अव्यवहारीपणा झाकण्याची गरजही त्यांना वाटत नाही. या पुस्तकात ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांपैकी कोणीही दारात येऊन उभा राहिला, तरी लेखिकेस एकही ओळ फिरवावी लागली नसती. पौलाने सांगितलेली कसोटी मराठीत इतक्या सहजतेने दुसऱ्या कोणी क्वचितच पाळली असेल.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. आपलेपणाने बोलण्याच्या भरात सत्याची धार बोथट होते, असा तो आक्षेप आहे. विधवांचे हाल किंवा अस्पृश्यतेचा अन्याय यांविषयी गोड बोलणे हा अपराधच ठरेल. हा आक्षेप मान्य केला तरी वरील विवेचनास बाध येत नाही. रमाबाईंची पत्रे तीक्ष्ण आहेत आणि तरीही नीतिमान आहेत. उलट सौम्य शब्दांत लिहिलेले पुष्कळसे वादवाङ्मय प्रतिपक्ष्याला न्याय देत नाही. धार आणि द्वेष या भिन्न वस्तू होत. ज्याच्यावर प्रहार केला त्याला आपले चित्र ओळखता यावे आणि उत्तरास वाव असावा, एवढे पाळले तर धार राहूनही द्वेष टळतो.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. छापखान्याने सभेचे पुस्तक केले, तसे आता हातातील भ्रमणध्वनीने प्रत्येक घराचे छापखान्यात रूपांतर केले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील माजरीसारख्या कोळसाखाणींच्या गावाचे उदाहरण घ्यावे. अशा ठिकाणी कामाच्या निमित्ताने निरनिराळ्या भाषांची व धर्मांची कुटुंबे शेजारी राहतात. रात्री ज्याच्याविषयी संदेश पाठविला, तोच मनुष्य सकाळी पाळीवर जाताना भेटतो. परोक्ष आणि प्रत्यक्ष यांतील अंतर तेथे एका रात्रीचे असते. मोठ्या शहरात ते अंतर वर्षानुवर्षे टिकू शकते आणि त्याच्या आश्रयाने वाणी बेजबाबदार होते. माजरीतील ख्रिस्ती मनुष्यास पौलाच्या कसोटीला दुसऱ्याच दिवशी सामोरे जावे लागेल.

मराठी ख्रिस्ती वाणीचा प्रवास कठोरतेकडून मृदुतेकडे झाला, हे वर्णन यापुढे दुरुस्त करणे इष्ट होईल. कल्पिलेल्या श्रोत्याकडून खऱ्या श्रोत्याकडे झालेला तो प्रवास आहे. विल्सन आणि दांडेकर यांच्या ग्रंथांत जो श्रोता हरवला, तो रमाबाईंना वाँटेजच्या मठात सापडला आणि लक्ष्मीबाईंना स्वतःच्या घरात. या वाङ्मयाच्या पुढील अभ्यासात विषय आणि छंद यांच्याबरोबर श्रोत्याचाही शोध घेतला गेला, तर धर्मप्रचाराचे साहित्य म्हणून बाजूस सारलेली कित्येक पाने नव्याने वाचनीय ठरतील.