दातांची साक्ष कशी वाचावी?

साखर नव्हती तेव्हा माणसाचे दात उत्तम होते, हे विधान आहारावरील भाषणांत हमखास ऐकू येते. त्याच्या जोडीला दुसरे येते: शेती आली आणि दात किडले. पहिले विधान चूक आहे आणि दुसरे अर्धेच बरोबर आहे, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्याला आधार जरूर आहे. क्रिस्टी टर्नर यांनी १९७९ साली अनेक समाजांची आकडेवारी एकत्र केली. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांत सरासरी सुमारे १.७ टक्के दात किडलेले होते, शेतकऱ्यांत सुमारे ८.६ टक्के. शिजलेल्या धान्याचा चिकट अंश दाढेच्या खाचेत राहतो, जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि इनॅमल विरघळते. पण मोरोक्कोतील ताफोराल्त गुहेत सुमारे १५,००० ते १३,७०० वर्षांपूर्वी राहणारी, शेती ठाऊक नसलेली माणसे घ्या. त्यांचे निम्म्याहून अधिक दात किडलेले होते, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ही माणसे ओकची फळे आणि पाइनच्या बिया खात. तेव्हा दोष शेतीचा म्हणण्यापेक्षा पिष्टमय अन्नाचा म्हणावा.

शिवाय टक्केवारी फक्त हाती आलेल्या दातांची असते. दगडावर दळलेल्या पिठातील कचीने दाढा झिजतात, खाचा नाहीशा होतात आणि कीड कमी दिसते. झीज फार झाली तर दाताचा गाभा उघडा पडतो, गळू होते, दात पडतो आणि मोजणीतूनही जातो! कमी कीड म्हणजे चांगले दात, असे म्हणण्याची घाई करू नये ती यासाठी.

इनॅमलवरील रेषांच्या बाबतीत ही अडचण अधिक गंभीर होते. इनॅमल एकदा घडले की हाडासारखे पुन्हा बदलत नाही. ते घडत असताना मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले, तर आडवी रेष किंवा खळगा कायम राहतो. दुधाच्या दातांचे काम गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, म्हणून त्यांवर आईच्या पोषणाचीही नोंद असते.

पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ही शेतकऱ्यांची वस्ती. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली लहान मुले तेथे मोठ्या संख्येने सापडली. त्यांच्या दातांचा चिकाटीने अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. म. के. ढवळीकर यांच्या मते इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊस घटला, शेती खालावली आणि लोक शेळ्यामेंढ्या व शिकारीकडे वळले. ग्वेन रॉबिन्स शूग यांनी २०११ च्या ग्रंथात मुलांच्या सांगाड्यांच्या आधारे या हवामानकेंद्री मांडणीला आव्हान दिले. दातांची साक्ष अशा वादात ओढली जाणारच.

मात्र रेष उमटण्यासाठी मुलाला आजारातून वाचावे लागते. तापाने चार दिवसांत गेलेल्या मुलाच्या दातावर त्या तापाची खूण नसते. जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हा पेच नेमका मांडला: दफनभूमी म्हणजे गाव नव्हे. रेषा वाढल्या याचा अर्थ आजार वाढले, असा होईल. किंवा पूर्वी दगावणारी मुले आता तगू लागली, असाही होईल. बालकांचे दात मोजून ‘गाव आजारी होते’ असे थेट लिहिणारे हा दुसरा अर्थ विसरतात.

त्यांतून वाट काढता येते. प्रौढांच्या पहिल्या दाढेत जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंतची नोंद असते. ती बालपणीच गेलेल्यांच्या त्याच दाढेशी ताडून पाहावी. रेषा असलेले लवकर गेले असतील, तर त्या खरोखर अशक्तपणाच्या खुणा ठरतील. इनामगावी ही तुलना करू पाहावी, तर बहुतेक दफने मुलांची आहेत. प्रौढ थोडे आणि त्यांतही झिजलेल्या दातांचे. आणि झीज सर्वांत आधी पहिल्या दाढेचीच होते.