न झालेल्या लढतीचा निकाल

बॉक्सिंगच्या चाहत्यांचा एक जुना खेळ आहे. वजनगट धरायचा, दोन वेगळ्या काळांतले मुष्टियोद्धे समोरासमोर उभे करायचे आणि वाद घालायचा, कोण जिंकला असता? या खेळाचा सगळ्यात गाजलेला नमुना आज आपण तपासू.

1969 साली मरे वोरोनर या अमेरिकी निर्मात्याने रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांची लुटुपुटुची लढत चित्रित केली. मार्सियानो 49 लढतींत अपराजित राहून 1956 साली निवृत्त झालेला. अलीने सैन्यभरती नाकारली म्हणून 1967पासून त्याला रिंगच बंद. शेवट वेगवेगळे चित्रित झाले आणि निकाल संगणक देणार असं सांगितलं गेलं. जानेवारी 1970मध्ये अमेरिकेच्या चित्रपटगृहांत मार्सियानो तेराव्या फेरीत नॉकआउटने जिंकला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला! म्हणजे निकाल प्रेक्षक बघून बदलला.

पण संगणक प्रामाणिक असता, तरी प्रश्न सुटला असता का? आम्हाला तसं वाटत नाही. दोघेही हेवीवेट, हे खरं. पण मार्सियानो भरायचा साधारण 84 किलो, आणि 1967चा अली 95च्या आसपास. आज 90.7 किलोपर्यंत क्रूझरवेट हा वेगळा गट आहे. मार्सियानो त्यात बसला असता, पण त्याच्या काळी तो गटच नव्हता. हलक्या गटांत गोष्ट आणखी अवघड. पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं, आता आदल्या दिवशी होतं. रात्रीतून खेळाडू पाणी पिऊन, जेवून कित्येक किलो परत मिळवतो. काट्यावर आकडा तोच, रिंगमध्ये उतरणारं शरीर वेगळं.

फेऱ्यांचंही तेच. जून 1952मध्ये मिडलवेट विजेता शुगर रे रॉबिन्सन लाइट हेवीवेट विजेत्या जोई मॅक्सिमशी लढला. समोरचा सुमारे 7 किलोने जड, आणि उकाडा असा, की पंचांनाच मध्ये बदलावं लागलं. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण चौदाव्या फेरीला उठूच शकला नाही. आजच्या 12 फेऱ्यांच्या नियमाने तो जिंकला असता. मग मोठा कोण, हे कुठल्या नियमाने ठरवायचं?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की तुलना जरूर करा, पण वजन कधी केलं, फेऱ्या किती, हे आधी सांगा. नाहीतर ती तुलना नाही, नुसती आवड आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. मार्सियानो चित्रपट लागण्याआधीच, ऑगस्ट 1969मध्ये, विमान अपघातात गेला. आपण 'जिंकलो' हे त्याला कधी कळलंच नाही. अली तेव्हा 27 वर्षांचा, भर उमेदीत. आपण विचारत बसलो, अली मार्सियानोशी कसा लढला असता? त्या साडेतीन वर्षांत अली खऱ्या प्रतिस्पर्ध्यांशी कसा लढला असता, हा प्रश्न जास्त मोलाचा होता. तो अली आपल्याला बघायला मिळालाच नाही.