गहू सुटला, कांदा राहिला

दौंडच्या मावशीचा फोन आला तेव्हा रिपोर्ट तिच्या हातातच होता. टीटीजी-आयजीए नॉर्मल. "मग पोट का फुगतं रे रोज?" तीन महिन्यांपासून तिने चपाती बंद करून भाकरी धरली होती, आणि पहिली गोम इथेच आहे. ही तपासणी ग्लूटेनमुळे तयार होणाऱ्या अँटीबॉडी मोजते. गहूच पोटात जात नसेल तर त्या हळूहळू उतरतात आणि सीलिॲक असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. शिवाय एकूण आयजीए पाहिलंय का? ते मुळातच फार कमी असेल तर ही टेस्ट फसते.

समजा, हे दोन्ही ठीक आहे. मग "सीलिॲक नाही, पण ग्लूटेन सोसत नाही" हे लेबल लगेच तयार असतं. त्याच्या विरोधात हमखास दाखवला जातो तो ऑस्लोच्या स्कोड्ये आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा पेपर. सीलिॲक नसलेले, पण स्वतःहून ग्लूटेन सोडलेले ५९ जण. प्रत्येकाला आळीपाळीने आठवडाभर तीन प्रकारचे म्यूसली बार दिले: ग्लूटेनचे, फ्रुक्टनचे आणि नुसते. कुठला कोणता, ते सांगितलं नाही. त्रासाचा सरासरी स्कोअर फ्रुक्टनला ३८.६, ग्लूटेनला ३३.१, नुसत्या बारला ३४.३. निष्कर्ष असा की दोष ग्लूटेनचा नाही, गव्हातल्याच फ्रुक्टन या साखरसाखळीचा.

पेपर हुशारीने रचलाय, पण मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. सर्वाधिक त्रास २४ जणांना फ्रुक्टनने झाला, १३ जणांना ग्लूटेनने, आणि २२ जणांना चक्क नुसत्या बारने! म्हणजे खाण्याची धास्तीसुद्धा पोटात दुखवते. (त्रास खोटा असतो असं मी म्हणत नाहीये.) आणि एका आठवड्याच्या बारवरून आयुष्यभराचा आहार कसा ठरवायचा?

तरी आपल्या ताटासाठी त्यात एक कामाची गोष्ट आहे. ज्वारी-बाजरीत ग्लूटेन नाही, पण मावशीच्या भाकरीसोबत कांदा होता, लसणाची चटणी होती, आणि फ्रुक्टन त्यांतही भरपूर असतं. शिरूरकडे तर कांदा शेतातूनच घरात येतो. गहू सोडून फरक पडला नाही, यात नवल काय!

मग पुढे काय? डॉक्टरांना विचारून काही आठवडे गहू पुन्हा सुरू करून टेस्ट परत करायची. किंवा एचएलए डीक्यू२-डीक्यू८ तपासायचं, त्याला गहू खावा लागत नाही. दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळपास बाद. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आपल्याकडे साधारण तिघांतल्या एकाकडे ते असतातच. दूध, थायरॉइड, जिआर्डिया आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन हेही तपासायचं. मेटफॉर्मिनने जुलाब होतात हे रुग्णांना बऱ्याचदा कोणी सांगतच नाही. वजन घटतंय, रक्त पडतंय, ताप येतोय, ॲनिमिया आहे किंवा रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागतंय, तर आहाराचे प्रयोग बंद आणि थेट पोटविकारतज्ज्ञ. आपल्याकडे आतड्याचा टीबीही विसरून चालत नाही.

मावशीला विचारलं, हिमोग्लोबिन किती? तपासलंच नव्हतं. सोमवारी जाणार आहे.