‘म्हणून’ आणि न लिहिलेला ‘जर’ : शालेय गणिताच्या सोडवणुकीची भाषा

शालेय गणिताच्या पुस्तकांत पायरीपायरीने दिलेली सोडवणूक हा मराठी गद्याचाच एक प्रकार होय. त्यात क्रियापदे थोडी, उभयान्वयी अव्यये त्याहून थोडी. बहुतेक सारा भार ‘म्हणून’ या एका शब्दावर, किंवा त्याऐवजी येणाऱ्या तीन टिंबांवर पडतो. हे चिन्ह १६५९ मध्ये झ्यूरिच येथे प्रसिद्ध झालेल्या योहान रान याच्या बीजगणितात आढळते. पायरीशेजारी केलेली क्रिया वेगळ्या रकान्यात नोंदण्याची रीतही त्याच ग्रंथात आहे. परंतु क्रिया नोंदणे निराळे आणि कारण सांगणे निराळे. या दोहोंची गल्लत भूमितीपेक्षा बीजगणितात अधिक होते.

समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयात ‘पक्ष : बाजू अब = बाजू अक’ आणि ‘साध्य : कोन ब = कोन क’ असे आरंभीच वेगळे लिहिले जाते; मग रचना, म्हणजे कोन अ चा दुभाजक, आणि शेवटी बाकोबा कसोटीने सिद्धता. पक्ष व साध्य या संज्ञा न्यायशास्त्रातल्या. पण ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे’ या नैयायिकांच्या अनुमानात पर्वत हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू असतो. त्या हिशेबाने येथे त्रिकोण हा पक्ष ठरावा आणि बाजूंची समानता हा हेतू. पुस्तकांनी हेतूलाच पक्ष म्हटले आहे. नैयायिकाला हे खपणार नाही. व्यवहारात मात्र त्याने फारसे बिघडत नाही, कारण गृहीत काय आणि मिळवायचे काय हे विद्यार्थ्यासमोर स्पष्ट राहते. व्यत्यासाला स्वतंत्र सिद्धता लागते, हेही त्याला त्यामुळेच पटते.

बीजगणितात पक्ष लिहिलाच जात नाही. √(क्ष + २) = क्ष हे समीकरण घ्यावे. रूढ रीतीने पुढील पायऱ्या येतात :

∴ क्ष + २ = क्ष²
∴ क्ष² − क्ष − २ = ०
∴ (क्ष − २)(क्ष + १) = ०
∴ क्ष = २ किंवा क्ष = −१

प्रत्येक ‘म्हणून’ खरा आहे, तरीही −१ हे उत्तर चुकीचे आहे. ती किंमत घातली असता डावी बाजू १ आणि उजवी −१ होते. दोष आकडेमोडीत नाही, वाक्यरचनेत आहे. या चार ओळी वस्तुतः एका संकेतार्थी वाक्याचा उत्तरार्ध आहेत : जर एखादी संख्या या समीकरणाचे मूळ असेल, तर ती २ किंवा −१ यांखेरीज दुसरी असणार नाही. ‘जर’ गाळला की तेच वाक्य ‘मुळे २ आणि −१ आहेत’ असे वाचले जाते. म्हणजे प्रमेय सिद्ध करून त्याचा व्यत्यास फुकटात पदरात पाडून घेतला जातो. पहिली पायरी तर उलट चालतच नाही, कारण वर्ग समान असले म्हणून संख्या समान असतातच असे नाही.

ताळ्याचे स्थान येथे कळते. एकघाती समीकरणाच्या नेहमीच्या पायऱ्या उलटही चालतात. तेथे ताळा केवळ हिशेबाची चूक पकडतो, आणि म्हणून तो वेळ उरल्यास करावयाचे काम समजण्याची सवय जडते. दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यावर मात्र ताळा हीच व्यत्यासाची सिद्धता असते. ती नसेल तर उत्तर अर्धेच राहते, मग त्याला गुण पुरे मिळोत.

मराठीला ही रचना परकी आहे, असे म्हणण्यास जागा नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ. स. ११५०) अव्यक्त राशीचे नावच ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे, तेवढे’ असे आहे, जो-तो, जर-तर यांच्याच जातीची ही जोडी. शाब्दिक उदाहरणांत ‘समजा’ हा शब्द येतो, हे खरे. पण ‘समजा, मुलाचे वय क्ष वर्षे आहे’ यातला ‘समजा’ राशीला केवळ नाव देतो. ‘समजा, क्ष हे या समीकरणाचे मूळ आहे’ यातला ‘समजा’ गृहीत मांडतो. सोडवणुकीच्या पहिल्या ओळीत हवा आहे तो हा दुसरा.