‘हे ऐक’ म्हणणाऱ्यांना

डिसेंबर उजाडला की ओळखीपाळखीच्या प्रत्येकाच्या स्टेटसवर स्पॉटिफायचं ‘रॅप्ड’ झळकू लागतं. वर्षभरात इतकी हजार मिनिटं ऐकलं, हे पाच गायक, ही पाच गाणी. त्या रंगीत पाट्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा मुकेपणा खटकतो. हे गाणं का धरून बसलं, कुठल्या जागेवर अंगावर काटा आला, कुणाला ऐकवावंसं वाटलं, यातलं अवाक्षरही तिथे नसतं. एकेका जागेवरून रात्र रात्र वाद घालणाऱ्या मराठी रसिकाने आपली आवड अशी मिनिटांत मोजून घ्यावी, हे मला सहन होत नाही.

कारण गाण्याची शिफारस ही स्वतंत्र कला आहे. तिचा सर्वांत मोठा नमुना आपल्या घरातलाच आहे. १९७७ साली नासाची दोन व्हॉयेजर यानं अवकाशात गेली. त्यांच्यासोबतच्या सोनेरी तबकडीवर जगभरच्या संगीताचे जेमतेम २७ तुकडे मावले. भारताच्या वाट्याला आलेली जागा गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांना मिळाली, ‘जात कहाँ हो’ या भैरवीसाठी. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने तबकडीसाठी निवड करणाऱ्या कार्ल सेगनच्या गटाकडे तिचा आग्रह धरला होता. ध्वनिमुद्रिका तोवर दुर्मीळ झालेली. त्या गटातल्या अ‍ॅन ड्रुयननी न्यूयॉर्क पालथं घातलं, तेव्हा लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या कोऱ्या प्रती सापडल्या. साडेतीन मिनिटांचं ते गाणं आज पुन्हा ऐकावं. आवाज पहिल्यापासून खुला, आकार भरदार, आणि तबकडी संपत आली म्हणून केलेली घाई कुठेही नाही. लोकप्रियता मोजून निवड झाली असती तर केसरबाईंचा नंबर लागला नसता. एका जाणकाराने आपला शब्द खर्ची घातला म्हणून ती भैरवी सूर्यमालेबाहेर गेली.

रेडिओवरची ‘बिनाका गीतमाला’ आणि ‘आपली आवड’, केशवराव भोळ्यांचं संगीतावरचं लेखन, वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक, हा वारसा वाचकांना पाठ आहे. तो इथे उगाळत नाही. प्रश्न आजचा आहे, आणि आज या कलेत खरा जीव पॉडकास्टमध्ये आहे. अँड्र्यू हिकी हा एकटा माणूस २०१८पासून पाचशे गाण्यांतून रॉक संगीताचा इतिहास सांगतो आहे. एका गाण्यापाशी पोहोचायला तो कधी कधी काही तास घेतो: आधीची कुठली चाल त्यात मुरली, कुणाचं श्रेय बुडालं, करारात काय लिहिलं होतं. एवढं ऐकल्यावर ते गाणं लागतं, तेव्हा आपले कान बदललेले असतात. हृषीकेश हिरवे यांचा ‘साँग एक्स्प्लोडर’ २०१४पासून कलाकाराकडूनच गाणं उलगडून घेतो. नुसता ताल, मग नुसता आवाज, आणि शेवटी सगळं एकत्र. अमित वर्मा ‘द सीन अँड द अनसीन’मध्ये पाहुण्याशी तासन् तास बोलतात आणि निरोप घेताना त्याची आवडती पुस्तकं आणि संगीत विचारतात. त्या लांबलचक गप्पांनंतर तो माणूस आपल्या ओळखीचा झालेला असतो, म्हणून त्याची यादी निर्जीव वाटत नाही. बीबीसीच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ने १९४२पासून हेच केलं: आठ तबकड्या, आणि प्रत्येकीमागचं आयुष्य. उद्योगांचा इतिहास सांगणारे ‘अ‍ॅक्वायर्ड’वालेसुद्धा भागाच्या शेवटी स्वतःला भावलेल्या गोष्टी सांगतात, आणि एखाद्या कंपनीची चिरफाड केल्यानंतरची ती शिफारस विश्वासाची वाटते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पाऊस, कॉफी, झोप अशा नावांच्या प्लेलिस्टा म्हणजे भिंतीचा रंग. 

आता गाणी सुचवणाऱ्या यंत्राकडे येतो. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच. किशोरी आमोणकरांचं भूपातलं ‘सहेला रे’ ऐकवून जाणकार माणूस सांगतो, इथे गंधाराकडे लक्ष ठेव. मग देसकार लावतो आणि म्हणतो, आता धैवत बघ. या दोन वाक्यांत राग कळायला सुरुवात होते. यंत्र ‘सहेला रे’नंतर जे लावतं, ते इतरांनी काय ऐकलं याच्या हिशेबाने लावतं. कारण ते सांगत नाही, कारण मागण्याची सवयही मोडून टाकतं.

शिवाय त्याची शिफारस निर्लेप नाही. स्पॉटिफायने २०२०मध्ये ‘डिस्कव्हरी मोड’ आणला: कलाकाराने कमी मानधन पत्करावं, बदल्यात यंत्र त्याचं गाणं पुढे सरकवेल. पैसे घेऊन गाणी वाजवणाऱ्या निवेदकांवरून १९५९च्या सुमारास अमेरिकेत गदारोळ उठला होता, ॲलन फ्रीडसारख्या नामवंत निवेदकाची नोकरी गेली. आज तोच व्यवहार सुविधा म्हणून विकला जातो. २०२४पासून वर्षाला हजारदा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफायवर मानधनच नाही. ज्या गाण्याला शिफारशीची सर्वाधिक गरज, त्याचीच कवडी बंद.

शिफारशीच्या धंद्याचा धडा शिकायचाच असेल तर बँडकॅम्पचा शिकावा. २००८ साली सुरू झालेल्या या ऑनलाइन संगीत-दुकानाने २०१६पासून संगीतावर लिहिणारी माणसं पदरी ठेवली. २०२२मध्ये एपिक गेम्स या खेळांच्या कंपनीने ते घेतलं, २०२३मध्ये साँगट्रॅडरला विकलं, आणि जवळपास निम्मे कर्मचारी घरी गेले. त्यात लिहिणारेही होते. मालकाच्या वहीत समजावून सांगणारा माणूस खर्चाच्या बाजूला पडतो. पण ग्राहक त्याच्याच भरवशावर दुकानात येतो, हे वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. मुंबईच्या काळा घोड्यावरचं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६मध्ये बंद झालं, तेव्हा गाणी मिळायची थांबली नाहीत. काउंटरवर उभं राहून ‘हे घेऊ का ते’ असं विचारता येणारी एक जागा गेली.

म्हणून मराठी पॉडकास्टवाल्यांकडे माझी मागणी आहे. ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ यांनी मराठी श्रोत्याला निवांत बसून ऐकायची सवय लावली आहे. त्या सवयीचं चीज करा. पाहुण्याला शेवटी एक ध्वनिमुद्रण विचारा. ‘मला जुनी गाणी आवडतात’ हे उत्तर चालवून घेऊ नका. कुणाचं, कुठलं, कुठल्या जागी आणि का, हे वदवून घ्या. शिफारशीमागे पैसे असतील तर त्याच दमात सांगा. ‘हे ऐक’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यातला वेळ मागणं. तो मागताना कारण देणं एवढी किमान अट आपण माणसांनाही घालेनासे झालो, म्हणून यंत्राचं फावलं. ती अट आजपासून पुन्हा घातली पाहिजे, आणि सर्वांत आधी आपण स्वतःला.